वाचकांचे प्रश्न : ढोलांशी बोलणारी जोडी

प्रश्न : हाउस संगीत (नाचण्यासाठीचे ठेकेदार इलेक्ट्रॉनिक संगीत) म्हणजे यंत्राचे संगीत, अशी माझी समजूत आहे. मग दक्षिण आफ्रिकेच्या ‘ब्लॅक मोशन’ या जोडीच्या कार्यक्रमात मंचावर खरे ढोल कशासाठी असतात? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : थाबो माबोग्वाने आणि बोंगानी मोहोसाना हे दोघे प्रिटोरियाजवळच्या सोशांगुवे वस्तीतले. 2011 साली आलेल्या त्यांच्या अल्बमचे ‘टॉकिंग टू द ड्रम्स’ हे नावच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देते. एकाने यंत्रावर ठेका चालू ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याच ठेक्यावर प्रत्यक्ष ढोल वाजवायचे, ही त्यांची ओळख ठरली. त्यामुळे यंत्राच्या काटेकोर लयीत माणसाच्या हाताची किंचित मागेपुढे होणारी थाप मिसळते, आणि माझ्या मते त्यांची सारी गोडी तिथेच आहे. 2016 च्या ‘या बदीमो’ या अल्बमच्या नावातील ‘बदीमो’ म्हणजे पूर्वज. ढोलाचे नाते त्यांनी कुठे जोडले, हे यावरून ध्यानात यावे. पुढे बोंगानी यांनी ‘मर्डा बोंग्झ’ या नावाने स्वतंत्र कामही केले. आरतीच्या वेळी घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये ऐकत वाढलेल्या गोमंतकीय कानांना हा प्रकार फारसा परका वाटू नये.