थेट बस बंद होते, तेव्हा काय मागावे?

लाइट रेलचा, म्हणजे शहरात धावणाऱ्या हलक्या विजेच्या रेल्वेचा, मार्ग लांबला, की त्या पट्ट्यातल्या बसमार्गांची फेरआखणी ओघानेच येते. या विषयावर इतकी पत्रे आली आहेत, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या उपनगरातून महानगराच्या मध्यापर्यंत थेट बस जाते. वाटेत लाइट रेलचे नवे स्थानक होत असल्याने ही बस तिथेच संपवण्याचा प्रस्ताव आला आहे. एकदा बसलो, की थेट कामाच्या ठिकाणी उतरतो. अशी चांगली चाललेली बस तोडण्यात शहाणपण ते कोणते?

उत्तर : तुमची नाराजी रास्त आहे. प्रस्तावामागचा हिशेब मात्र आधी पाहू, कारण वाद घालायचा तर तो त्या हिशेबावरच घालायला हवा. समजा, तुमच्या बसला जाऊन-येऊन, दोन्ही टोकांची विश्रांती धरून, १२० मिनिटे लागतात आणि बस दर १५ मिनिटांनी सुटते. म्हणजे या मार्गावर ८ गाड्या अडकलेल्या आहेत. स्थानकापाशी मार्ग संपवल्यावर तीच फेरी ६४ मिनिटांत होत असेल, तर त्याच ८ गाड्यांत दर ८ मिनिटांनी बस सोडता येते. वेळापत्रक न बघता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागत होते, ते चारवर येते. शिवाय शहरातल्या शेवटच्या टप्प्यावर होणारी कोंडी परतीच्या फेरीलाही उशीर करते आणि तो उशीर तुमच्या थांब्यापर्यंत पोहोचतो. मार्ग छोटा झाला, की हे दुखणेही कमी होते.

खरी मेख पुढे आहे. आठपैकी चार गाड्या काढून घेतल्या, तर बस दर १६ मिनिटांनीच येईल आणि वर गाडी बदलण्याचा त्रास तुमच्या गळ्यात पडेल. दोन्ही प्रस्तावांचा नकाशा एकच असतो. एकात प्रवाशाचा फायदा होतो, दुसऱ्यात त्याचे चक्क नुकसान होते. म्हणून सुनावणीत पहिला प्रश्न हाच विचारावा : वाचलेल्या गाड्या आणि चालकांचे तास कुठे जाणार आहेत, आणि ते लेखी स्वरूपात कुठे नमूद केले आहे?

अमेरिकेतील सिएटल परिसरात हे टप्प्याटप्प्याने घडले. तिथली लाइट रेल २ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्थगेटपर्यंत पोहोचली. तेव्हा नॉर्थगेट आणि शहराचा मध्य यांना जोडणारी ४१ क्रमांकाची बस बंद झाली, तर आणखी लांबून येणारी ५२२ क्रमांकाची बस शहरात न नेता रूझवेल्ट स्थानकापाशी संपवण्यात आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी रेल लिनवुडपर्यंत गेल्यावर शेजारच्या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) कम्युनिटी ट्रान्झिट या बससंस्थेने सिएटलच्या मध्यापर्यंत धावणाऱ्या, कामावर जाणाऱ्यांसाठीच्या आपल्या कम्यूटर बस बंद केल्या, त्यांच्या जागी लिनवुड स्थानकापर्यंतच्या जलद बस सुरू केल्या आणि वाचलेली सेवा स्थानिक मार्गांवर वळवली. माझ्या मते मागणी करायची तर याच धर्तीवर करावी.

प्रश्न : आई पंचाहत्तरीची आहे. तिला मध्येच गाडी बदलणे जमत नाही. अधिकारी म्हणतात, “फक्त एकदाच बदलायची आहे.” ही अदलाबदल सोयीची आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : पायाखालच्या अंतरावरून. नकाशावर बसथांबा आणि रेलस्थानक एकाच ठिपक्यात दाखवलेले असतात. अशाच एका ठिपक्यावर मी एकदा घड्याळ लावून चाललो. बसमधून उतरलो, रुंद रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलची वाट पाहिली, वळसा घालून लिफ्टपाशी गेलो, लिफ्ट खाली यायची वाट पाहिली. फलाटावर पोहोचेपर्यंत सात मिनिटे गेली आणि डोक्यावर छप्पर होते ते केवळ शेवटच्या टप्प्यात. माझ्याबरोबर उतरलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या बाईंचा पहिला सिग्नलच चुकला होता. कागदावर या अदलाबदलीसाठी तीन मिनिटे धरलेली होती. बसचा दरवाजा आणि फलाट यांच्यामध्ये रस्ता ओलांडावा लागू नये, हा माझ्या लेखी पहिला निकष आहे. त्यासाठी स्थानकाला लागूनच बसगाड्या वळण्याची आणि थांबण्याची जागा, तसेच चालकांसाठी स्वच्छतागृह, रेलचा आराखडा होतानाच राखून ठेवावे लागते. जागा नंतर शोधायला गेले, की बस दोन चौक पलीकडे ढकलली जाते.

वेळेचे म्हणाल, तर शहराकडे जाताना फारशी अडचण नसते, कारण रेल थोड्याथोड्या वेळाने असते. परतताना मात्र अर्ध्या तासाने सुटणारी बस डोळ्यांदेखत निघून जाते. अशा मार्गावर बसने रेलची वाट पाहावी, निदान शेवटच्या रेलसाठी शेवटची बस तरी थांबावी, हे वेळापत्रकातच बांधून घ्यावे.

तिकिटाचा मुद्दाही इथेच येतो. इंग्लंडच्या ईशान्येकडील टाइन अँड वेअर मेट्रो १९८० मध्ये सुरू झाली, ती बसमार्ग तिला जोडून आणि दोन्हींवर चालणारे एकच तिकीट ठेवून. प्रवासी गाड्या बदलत होते, कारण त्यासाठी वेगळे पैसे पडत नव्हते. ऑक्टोबर १९८६ मध्ये बससेवेवरचे नियंत्रण उठले, कंपन्या आपापले मार्ग ठरवू लागल्या, बस मेट्रोशी स्पर्धा करत शहरात धावू लागल्या आणि मोठ्या कष्टाने बसवलेली घडी विस्कटली.

प्रश्न : रेल सुरू होताच जुनी बस बंद करावी, की काही काळ दोन्ही चालवावीत?

उत्तर : दोन्ही चालवावीत. कॅनडातील ओटावा शहरात कॉन्फेडरेशन लाइन ही लाइट रेल १४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि जुन्या बस तीन आठवडे समांतर चालवल्या. ६ ऑक्टोबरपासून बसचे नवे जाळे लागू झाले आणि सगळा भार रेलवर आला. त्याच सुमारास गाड्यांचे दरवाजे अडकणे आणि इतर बिघाड सुरू झाले. गाड्या बदलण्याच्या स्थानकांवर गर्दी तुंबली आणि जादा बस पुन्हा रस्त्यावर आणाव्या लागल्या. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले. म्हणून मी आठवड्यांचा आकडा मागणार नाही, अट मागेन : रेल ठरावीक दिवस सलग वेळेवर धावल्याशिवाय बस काढू नये, आणि ती काढल्यावरही काही गाड्या व चालक राखीव ठेवावेत.

प्रश्न : रेल मुख्य रस्त्यानेच जाते, तर त्या रस्त्यावरची बस ठेवायची कशाला?

उत्तर : रेलची स्थानके बहुधा दूरदूर असतात, बसथांबे जवळजवळ. मधल्या दवाखान्यात किंवा शाळेत जाणाऱ्याला रेलचा उपयोग नसतो. त्यामुळे समांतर जलद बस काढावी. प्रत्येक थांब्यावर थांबणारी बस, फेऱ्या थोड्या कमी करून का होईना, ठेवावी. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरामध्ये २० एप्रिल २०१९ रोजी लाइट रेल सुरू झाली आणि २९ एप्रिलला बसचे संपूर्ण नवे जाळे आले. शाळांच्या अनेक खास बस त्यात गेल्या आणि पालकांची सर्वांत तीव्र नाराजी तिथेच उमटली. अमेरिकेत २०१२ च्या नियमावलीने मोठ्या सार्वजनिक वाहतूक संस्थांना अशा मोठ्या बदलांआधी अल्पसंख्य आणि कमी उत्पन्न असलेल्या वस्त्यांवर होणारा परिणाम तपासणे बंधनकारक केले. तसा नियम जिथे नाही, तिथे तशी तपासणी प्रवाशांनी मागावी.

हरकत लिहिताना “गैरसोय होईल” एवढेच लिहू नका. घरातून किती वाजता निघता, कोणत्या दारात किती वाजता पोहोचायचे असते, परतीची शेवटची वेळ कोणती आणि सोबत कोण असते, हे चार ओळींत लिहा. वेळापत्रक करणाऱ्याला त्या चार ओळींवर काम करता येते.