कोल्हापूरजवळ सात-आठ वर्षांच्या मुलांना घेऊन झाडीतली, थोडा इतिहास असलेली एक दिवसाची पायपीट कुठे करावी?

पन्हाळ्याहून पावनगडाला चालत जा. कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण २० किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे पोरांचा दम चढणीतच संपत नाही. पावनगडाकडची वाट बरीचशी झाडीतून आहे आणि तिथे आजही वस्ती आहे. आम्ही घरची बच्चेकंपनी घेऊन तिकडेच जातो. परतताना तीन दरवाजा आणि अंधारबाव दाखवा. तीन मजली विहीर म्हटल्यावर मुलं कंटाळा विसरतात. झुणका-भाकर गडावर मिळते. फक्त पन्हाळा ते पावनखिंड या शिवाजी महाराजांच्या १६६० च्या वाटेचा मोह आत्ता नको: दोन दिवसांची चाल, त्यात पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पन्हाळ्याजवळचं मसाई पठारही उघडंबोडकं, जायचंच तर तिथे सकाळीच जा.