जपानी नववर्षाच्या जुन्या छापचित्रांत साप, उंदीर असले प्राणी का असतात? साप शुभ कसा काय?

मलाही हाच प्रश्न पडला होता, पुण्यात जपानीचे क्लास करत होतो तेव्हा. तर त्या चित्रातला प्राणी बऱ्याचदा शुभ-अशुभ सांगायला नसतोच, वर्ष सांगायला असतो. त्यांचं बारा वर्षांचं चक्र आहे, उंदीर बैल वाघ ससा असं करत रानडुकरापर्यंत, त्यामुळे साप दिसला की सापाचं वर्ष, एवढंच.

पण खरी मजा पुढे आहे. आपल्याकडे पेशवाई बुडत होती त्या सुमाराला तिकडे हौशी कवींची मंडळं असायची, ते नवीन वर्षाला स्वतःच्या खर्चाने चित्र छापून घ्यायचे, त्यावर स्वतःच्या कविता टाकायचे आणि ओळखीच्यांत वाटायचे. याला सुरिमोनो म्हणतात. विकायचं नाही म्हटल्यावर हात आखडता कशाला, जाड कागद, धातूची पूड, आणि शाई न लावता नुसता ठसा दाबून उठवलेली नक्षी. एका म्युझियममध्ये मी असं एक बघितलं, जेमतेम वीतभर चौकोन, समोरून कोंबडा नुसता पांढरा, वाकून तिरकं बघितलं तेव्हा एकेक पीस दिसायला लागलं. फोटोत हे कळतच नाही.

त्यात ही मंडळी कोडी घालण्यात पटाईत. 1822 घोड्याचं वर्ष, होकुसाई नावाच्या चित्रकाराने त्यासाठी अख्खी सिरीज केली, पण कित्येक चित्रांत घोडाच नाही, नुसत्या वस्तू, ज्यांच्या नावात कुठेतरी घोडा लपलाय. म्हणजे आपण अश्वगंधेची बाटली काढायची आणि म्हणायचं, ओळखा बघू!

आता सापाचं. तो बेन्झाइतेन देवीचा दूत, आणि ही देवी म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली. उंदीर दाइकोकु नावाच्या देवाचा, हा देव मूळचा महाकाल, तिथे जाऊन तांदळाच्या पोत्यांवर हसत बसलाय. वाघ जपानात नव्हताच, चित्रकार कातडी आणि मांजरं बघून काढायचे, म्हणून तो बऱ्याचदा रागावलेल्या माऊसारखा दिसतो. करकोचा आणि कासव मात्र कुठल्याही वर्षी चालतात, करकोचा म्हणे हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार.

माझं आवडतं चित्र या बारांतलं नाहीच, हिरोशिगे या चित्रकाराचं आहे, 1857 चं. वर्षाची शेवटची रात्र, ओजी गावातलं एक मोठं झाड, खाली कोल्हे जमलेत, प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटी ज्योत. शेतकरी म्हणे लांबून त्या ज्योती मोजायचे आणि पुढचं पीक कसं येईल ते ठरवायचे.