ऑर्डर चुकली तर हॉटेलवाल्याने ग्राहकाची भरपाई कशी करावी?

तुम्ही बडोद्यात हॉटेल काढताय आणि विचारताय, की ऑर्डर चुकली तर फुकट गोड द्यावं, बिलात सूट द्यावी, की त्या पदार्थाचे पैसेच घेऊ नयेत. माझ्या मते हे तिन्ही नंतरचे विषय आहेत. ज्याच्या ताटात चुकीचा पदार्थ पडला त्याला बरोबर पदार्थ मिळाला का, आणि टेबलावरची बाकीची माणसं जेवत असतानाच मिळाला का, हे आधी बघा. बहुतेक हॉटेलवाले बिल भरणाऱ्याची समजूत काढतात आणि ज्याचं जेवण बिघडलं तो अर्धपोटी उठतो. माझ्या आईच्या बाबतीत हे घडलंय आणि त्यावरून आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आईची पंचाहत्तरी श्रावणात आली. भावोजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, हॉटेलात जेवण ठरवलं. शहराच्या नव्या भागातलं, शुद्ध शाकाहारी, चांगलं महागातलं हॉटेल. नाव लिहीत नाही. वडील गेल्यापासून आई चातुर्मास पाळते. कांदेनवमीला आमच्याकडे कांदाभजी, कांद्याची थालीपिठं असं सगळं होतं आणि त्यानंतर थेट कार्तिकी एकादशीपर्यंत तिच्या ताटात कांदा, लसूण, वांगं नसतं. आमच्यासाठी ती सगळं रांधते. कुणाला आग्रह नाही, कुणापुढे बोलणं नाही. तिचं ती करते.

पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, चातुर्मासात हॉटेलात जायचंच कशाला? पण बडोद्यात याची कधी अडचण पडत नाही. इथे ऑर्डर घेणाराच विचारतो, ‘जैन, स्वामिनारायण के रेग्युलर?’ जैनमध्ये कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर अशी कंदमुळंही गेली. स्वामिनारायणमध्ये फक्त कांदा-लसूण नसतो. आईला बटाटा चालतो, म्हणून आम्ही स्वामिनारायण सांगतो. त्या संध्याकाळीही कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याने, विचारलं आणि आईने स्वतः उत्तर दिलं, ‘भाई, मारा माटे डुंगळी-लसण वगरनुं’, म्हणजे माझ्यासाठी कांदा-लसणाशिवाय. दांडिया बाजारात आयुष्य काढलेली बाई आहे, गुजराती तिला मराठीइतकंच येतं. ऐकण्यात गफलत व्हायला जागाच नव्हती.

सूप झालं, पापड झाले, मग पनीरची भाजी आली. आईने दोन घास घेतले आणि हात थांबवला. बोलली काहीच नाही. माझ्या मुलीचं लक्ष होतं, तिने विचारलं, ‘आजी, काय झालं गं?’

‘लसूण आहे बहुतेक. राहू दे, पोळी खाते मी दह्याशी.’

मी वेटरला बोलावलं. तो म्हणाला, ग्रेव्ही बाजूला करून पनीरचे तुकडे घ्या. मी कॅप्टनला बोलावलं. त्याने केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, पाहिली. भाजीचं नाव होतं, पुढे ‘स्वामिनारायण’ लिहायचं राहिलं होतं. तुम्ही धंद्यात उतरताय म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊक असणार. हॉटेलात प्रत्येक भाजीला वेगळा मसाला वाटत नाहीत. लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या दुपारीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात आणि संध्याकाळी त्यांतून डाव काढून भाज्या बनतात. पिवळीचा पायाच कांदा. बिनकांद्याची ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात असते. केओटीवर शब्द नसेल तर आचारी हाताशी असलेल्या पातेल्यात डाव घालणार. त्याला कसा दोष देणार? चूक लिहिणाऱ्याची होती, आणि मला तिचा रागही आला नव्हता. गर्दीच्या वेळी एक शब्द राहू शकतो.

राग आला तो त्यानंतर जे झालं त्याचा. मॅनेजर आला. तो भावोजींच्या खुर्चीपाशी उभा राहिला, कारण टेबल त्यांच्या नावाने होतं. ‘सर, भूल थई गई, हमणां बीजुं मोकलुं छुं.’ चूक झाली, आत्ता दुसरं पाठवतो. आईकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दुसरी भाजी येईपर्यंत आमची जेवणं होत आली. तिच्या ताटात पोळी गार पडलेली, आणि सगळे तिला म्हणतायत, ‘अगं, थोडं तरी घे.’ तेवढ्यात दिवे मंद झाले, तापल्या तव्यावर चरचरणारी ब्राउनी-आइस्क्रीम आली, चार-पाच वेटर टाळ्या वाजवत गाणं म्हणू लागले, आजूबाजूची टेबलं वळून बघू लागली. मॅनेजर म्हणाला, ‘बा, मोढुं मीठुं करो, अमारा तरफथी.’

आईला मधुमेह आहे. तिने हात जोडले, हसली आणि ताटली नातवंडांकडे सरकवली. भाजी ब्राउनीच्या मागून आली. तोपर्यंत तिने हात धुतले होते. बिलात वीस टक्के सूट मिळाली. घरी आल्यावर तिने कपभर दूध घेतलं आणि झोपली.

पंचाहत्तरी जिची, तीच त्या टेबलावर उपाशी राहिली. हॉटेलने मात्र त्यांच्या हिशेबात भरपाई केली होती. माफी मागितली, गोड दिलं, सूट दिली. त्यांतलं एकही तिच्यापर्यंत पोचलं नाही. माफी जावयाला, गोड नातवंडांना, सूट पुन्हा जावयाला.

भावोजींचं म्हणणं तेव्हापासून आजवर एकच आहे: ‘त्यांनी चूक मान्य केली, हजारभर रुपये सोडले, आणखी काय करायला हवं होतं? आणि नकळत पोटात गेलेल्याचा दोष लागत नाही.’ भावोजी मनाने उदार आहेत आणि आईचा वाढदिवस त्यांनी हौसेने केला, हे मी कुणापुढेही सांगेन. पण त्यांचे हे दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत. नकळत खाल्लं तर चालतं की नाही, हे नेम धरणाऱ्याने ठरवायचं. टेबलावरच्या दुसऱ्या कुणी नाही, वेटरने तर नाहीच. आणि हजार रुपये वाचले ते भावोजींचे. आईचं काय वाचलं? ती गप्प राहिली म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की तिचं समाधान झालं. जावयाने मांडलेल्या जेवणात सासूने खोट काढायची नाही, हे तिच्या पिढीचं वळण. ती तिथे बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून तर हॉटेलवाल्याने आपण होऊन तिला विचारायला हवं होतं. दर टेबलावर असं एक माणूस असतं, जे तक्रार करणार नाही. कधी म्हातारं, कधी नवी सून, कधी साहेबांबरोबर आलेला कारकून. तुमच्या मॅनेजरला ते माणूस ओळखता आलं पाहिजे.

आता तुमच्या कामाचं. चूक कळली की मॅनेजरने थेट जेवणाऱ्याशी बोलावं, वाकून, हळू आवाजात. पहिला प्रश्न ‘आता लगेच काय आणू?’ हा असावा. बिनकांद्याची ग्रेव्ही संपली असेल तर तसं सरळ सांगावं आणि ग्रेव्ही न लागणारं काहीतरी सुचवावं. जिरा आलू, साध्या जिऱ्याच्या फोडणीची डाळ, दही-भात. डाळ शिजलेली असतेच, वेगळ्या कढईत फोडणी द्यायला कितीसा वेळ लागतो? आमच्या टेबलावर असं कुणी सुचवलं असतं तर आई सगळ्यांबरोबर जेवली असती. अशा बदली पदार्थाची केओटी रांगेत लावायची नाही, आचाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुढची शेगडी त्या पदार्थाचीच. बाकीच्यांच्या भाकऱ्या-नान त्या ताटाबरोबर गरम येतील असं बघायचं. आणि चुकीचं ताट समोरून ताबडतोब उचलायचं. ते तिथे पडून राहिलं की माणूस संकोचाने त्यातलंच खातो.

हे सगळं मला कुठल्या मोठ्या हॉटेलात दिसलं नाही, सेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, दिसलं. माझ्या ऑफिसातल्या एकाला पोटाचा त्रास, त्याने वरची तिखट तरी न घालता सेवउसळ सांगितली होती. लारीवाल्याने सवयीने लाल तरी ओतली. आमचा मित्र काही बोलला नाही, नुसता प्लेटकडे बघत राहिला. लारीवाल्याने त्याचा चेहरा पाहिला, प्लेट काढून घेतली, पुढे उभ्या असलेल्या दोघांना ‘एक मिनिट’ म्हणाला आणि आधी त्याची नवी प्लेट केली. हातात देऊन विचारलं, ‘हवे बराबर?’ आता ठीक? पैसे पूर्ण घेतले. फुकट काही दिलं नाही, आणि आम्हाला कुणालाही ते खटकलं नाही. आम्ही अजून तिथेच जातो.

पैशांचं विचारलंय म्हणून सांगतो. चुकलेला पदार्थ बिलात येताच कामा नये, मग त्यावरचा जीएसटीही आपोआप जातो. त्याहून जास्त सूट द्यायची असेल तर जरूर द्या, पण ताट नीट झाल्यावर. सर्व्हिस चार्ज लावत असाल तर अशा बिलावर तरी लावू नका. तसाही तो ग्राहकाच्या मर्जीचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तो आपोआप बिलात घालायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. फुकट गोड द्यायचंच असेल तर आधी विचारा की चालतं का. मधुमेह, उपवास, दुधाचा त्रास, काहीही असू शकतं. न विचारता दिलेलं गोड म्हणजे तापलेल्या माणसाच्या अंगावर शाल घालण्यासारखं.

आणि ‘चुकून झालं’ म्हणून विषय मिटतो असंही समजू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 चं कलम 50 नेमकं यावरच आहे. ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचं, घटकांचं किंवा दर्जाचं नसलेलं अन्न त्याला विकलं तर 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या लारीवाल्या-टपरीवाल्यांसाठी ही मर्यादा 25 हजार आहे. ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही, आईला ते आवडलं नसतं. पण तुमच्या दारात येणारा प्रत्येक जण माझ्या आईसारखा नसेल.

आता काही गोष्टी, ज्या वर लिहायला हव्या होत्या. शेंगदाणे, काजू अशा गोष्टींची ॲलर्जी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे आधी डॉक्टर, मग नवं ताट. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतो हे वेटरला माहीत हवं, फक्त आचाऱ्याला माहीत असून उपयोग नाही. ॲपवरून गेलेल्या ऑर्डरला यातलं बरंचसं लागू पडत नाही, कारण तुम्ही तिथे हजर नसता. ॲपवाले पैसे परत करतील, पण त्या घरात रात्रीचं जेवण राहिलंच. माणूस जवळपासचा असेल तर फोन करून विचारा आणि तुमच्या पोऱ्याबरोबर बरोबर पदार्थ पाठवा. काही ग्राहक अर्धं खाऊन चूक काढतात, हेही खरं आहे. अशांसाठी नियम बनवू नका. ते थोडे असतात, आणि त्यांच्या भीतीने केलेला नियम खऱ्या अडचणीतल्या माणसाला भोवतो.

केओटीबद्दल एकच सांगतो. जैन आणि स्वामिनारायणसाठी वेगळ्या रंगाची चिठ्ठी ठेवा, किंवा मशिनमध्ये असं करून घ्या की हा प्रकार निवडल्याशिवाय ऑर्डर पुढे जाणारच नाही. आणि ऑर्डर घेणाऱ्याने ती टेबलावर परत वाचून दाखवावी. आमची चूक तिथेच, आईच्या समोर, पकडली गेली असती.

चुकलेल्या पदार्थाचे पैसे वेटरच्या किंवा कॅप्टनच्या पगारातून कापू नका. भावोजींचं यावर वेगळं मत आहे, ते म्हणतात कापल्याशिवाय शिस्त लागत नाही. मला ते मुळीच पटत नाही. पैसे कापले जाणार हे माहीत असलेला पोरगा चूक आतपर्यंत जाऊच देणार नाही. तो टेबलावरच ग्राहकाला सांगेल की ग्रेव्ही बाजूला करा आणि पनीर खा.