जीडी अँड टी: आधी डेटम, मग क्लास

तुमचा प्रश्न मी असा समजलो: डिप्लोमा झालाय, कोल्हापूरजवळ शिरोलीत मशीन शॉपच्या क्वालिटीला लागलात, व्हिडिओ बघून जीडी अँड टीची (ड्रॉईंगवर आकार, जागा आणि त्यातली सूट चिन्हांनी सांगायची पद्धत) चिन्हं पाठ झाली, तरी ग्राहकाचं ड्रॉईंग समोर आलं की अडायला होतं. मग खिशातले पैसे घालून दोन दिवसांचा क्लास करावा का, आणि सर्टिफिकेटचा उपयोग होतो का?

क्लास जरूर करा, पण आत्ता लगेच नको. आत्ता गेलात तर दोन दिवसांत तीच चिन्हं परत ऐकून याल.

चिन्हं येऊनही ड्रॉईंग उलगडत नसेल तर बहुतेक वेळा डेटम, म्हणजे ज्या बाजूपासून मोजायचं तो संदर्भ, कच्चा असतो. चिन्ह आणि सूट लिहिलेल्या चौकटीच्या शेवटी असलेली ए, बी, सी ही अक्षरं आपण नुसती वाचून पुढे जातो, आणि खरं मोजमाप तिथूनच सुरू होतं. पार्ट ए वर कमीत कमी तीन बिंदूंवर टेकतो, बी ला दोन, सी ला एक. एवढं झालं की तो कुठल्याच दिशेला सरकत किंवा फिरत नाही. आता क्रम बदलून बी आधी घेतला, तर तोच पार्ट किंचित वेगळा बसतो आणि त्याच भोकाचं रीडिंग बदलतं. हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून शिफ्ट संपल्यावर करून बघा. दोन बाजू नीट काटकोनात नसलेला एखादा रिजेक्ट ब्रॅकेट सरफेस प्लेटवर घ्या. आधी तळ पूर्ण टेकवा, मग बाजू अँगल प्लेटला लावा आणि हाइट गेजनं भोक मोजा. नंतर उलटं करा, म्हणजे आधी बाजू पूर्ण चिकटवा आणि तळ जसा टेकेल तसा टेकू द्या. दोन्ही रीडिंग शेजारी लिहून ठेवा.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, कागल काय, निम्म्या टेबलांवर कास्टिंगच असतं. कच्च्या कास्टिंगची बाजू सपाट नसते, म्हणून ड्रॉईंगवर अख्खी बाजू डेटम न देता ठरावीक जागा देतात: ए1, ए2, ए3, बी1, बी2, सी1. हे डेटम टार्गेट. पहिल्या सेटअपच्या फिक्स्चरचे रेस्ट (पार्ट टेकायचे टेकू) नेमके त्याच जागी हवेत, आणि फौंड्रीनं लेआउट, म्हणजे कास्टिंगची मापं, तपासतानाही तेच बिंदू धरायला हवेत. फौंड्री एक संदर्भ धरते, मशीन शॉप दुसरा, आणि मग बोअरची (आतून कापलेल्या भोकाची) भिंत एका बाजूला पातळ निघते. दोघांचेही रिपोर्ट ओके असतात, म्हणून भांडण मिटत नाही. टार्गेट पार्टिंग लाइनवर (साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर) किंवा इनगेट (धातू आत येण्याची वाट) तोडून ग्राइंडिंग केलेल्या जागी आलं असेल तर तेव्हाच हरकत घ्या, कारण ती जागा प्रत्येक पार्टला वेगळी असते. इथला माणूस जीडी अँड टी शिकतो तेव्हा माझ्या मते पहिल्या महिन्यातच त्याला हे यायला हवं. व्हिडिओतली उदाहरणं बहुधा मशीन केलेल्या चौकोनी ठोकळ्याची असतात, त्यात हे येत नाही.

दुसरी गोष्ट पोझिशनची. भोकाचं केंद्र दोन डेटम बाजूंपासून 40 आणि 30 मिमीवर हवंय, पोझिशन व्यास 0.2, म्हणजे केंद्र तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात हवं. तुम्हाला मिळालं 40.08 आणि 30.06. दोन्ही फरकांचे वर्ग 0.0064 आणि 0.0036, बेरीज 0.01, वर्गमूळ 0.1, दुप्पट केलं की 0.2. पार्ट पास. त्याच वर्तुळात बसणारा चौकोन धरून प्लस-मायनस 0.07 दिलं असतं तर 0.08 मुळे हाच पार्ट भंगारात गेला असता. वर्तुळाचं क्षेत्र त्या चौकोनापेक्षा सुमारे 57 टक्के जास्त असतं. ही कल्पना मांडण्याचं श्रेय स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यातल्या स्टॅन्ली पार्कर यांना देतात. तिथेही मुद्दा हाच होता: जुळणीला चालणारे पार्ट नाकारले जात होते. चौकटीत गोलातला एम (जास्तीत जास्त मटेरियल असतानाचं माप धरा, अशी खूण) असेल तर आणखी सवलत मिळते. भोक 10.0 ते 10.1 असताना 10.06 निघालं, तर ते सर्वांत लहान मापापेक्षा 0.06 मोठं, म्हणून पोझिशन 0.2 ऐवजी 0.26 पर्यंत चालते. ही आकडेमोड हातानं करा, नंतर सीएमएमच्या (तिन्ही दिशांनी बिंदू मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टशी ताडून बघा.

टायटल ब्लॉक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉईंगवर एएसएमई वाय14.5 (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचं स्टँडर्ड) असतं, युरोपच्या ड्रॉईंगवर आयएसओ. एएसएमईत साइजच्या मर्यादेतच आकारही सांभाळावा लागतो. 12.00 कमाल असलेली पिन सगळीकडे 11.99 भरली, पण वाकल्यामुळे 12.00 च्या आदर्श भोकातून जात नसेल, तर ती फेल. आयएसओत गोलातला ई लिहिलेला नसेल तर साइज आणि सरळपणा वेगवेगळे बघतात. शिवाय आवृत्तीही बघा. 2018 च्या वाय14.5 मधून कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री ही दोन चिन्हं काढून टाकलीत, पण जुन्या ड्रॉईंगवर ती भेटतात आणि त्या ड्रॉईंगवर लिहिलेल्या आवृत्तीनुसारच वाचावी लागतात.

एवढं हाताखालून गेलं की क्लासला जा. फी भरण्याआधी विचारा: कोणतं स्टँडर्ड, कोणत्या सालचं, प्रत्यक्ष मोजणी आहे का, आणि स्वतःचे प्रश्न मांडू देतात का. नुसत्या स्लाइड असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर मेट्रॉलॉजीची (मोजमापाच्या शास्त्राची) व्याख्यानं फुकट आहेत, ती बरी. जाताना अडलेले प्रश्न लिहून न्या. ग्राहकाचं ड्रॉईंग मात्र परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका, प्रश्नापुरतं हातानं स्केच काढा. आणि आधी साहेबांना विचारा. रिजेक्शनचा एखादा दाखला सोबत दाखवलात तर कंपनी फी भरायला तयार होण्याची शक्यता जास्त.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर एएसएमईची जीडीटीपी (जीडी अँड टी प्रोफेशनल) परीक्षा टेक्नॉलॉजिस्ट आणि सीनियर अशा दोन पातळ्यांवर होते. डिझाइनकडे वळायचं असेल किंवा ग्राहकच मागत असेल तर टेक्नॉलॉजिस्टचा विचार करा. क्वालिटीतच राहायचं असेल तर आधी तेच पैसे सीएमएम प्रोग्रॅमिंग शिकण्यात घाला.