चोऱ्यांचा आकडा दुप्पट, घर घ्यावं का?

प्रश्न : भाड्याचं एक घर मनात भरलंय, पण त्या वस्तीत चोऱ्यांचं प्रमाण शेजारच्या वस्तीच्या दुप्पट आहे. मी एकटी राहणार, रात्रपाळी करते. घ्यावं का?

उत्तर : आधी त्या दुपटीमागचा हिशेब बघा. वस्तीत बसस्थानक किंवा बाजार आहे का? येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल तिथे चोरीला जातात, भागाकार मात्र रहिवाशांच्याच संख्येनं होतो. आकडा फुगतो. घरफोड्या वेगळ्या काढून मोजा. आणि शेजारच्या वस्तीत लोक तक्रारच करत नसतील, तर?

मी घर शोधत होते तेव्हा रात्री साडेअकराला गल्लीतून चालून पाहिलं होतं (घरच्यांनी वेड्यात काढलं). दिवा होता, पण दोन्हीकडे नुसत्या भिंती, रस्त्याकडे एकही खिडकी नाही. तिथंच नाद सोडला. तुम्ही पाळी सुटायच्या वेळी जाऊन बघा.

या घरात पूर्वी चोरी झाली होती का, तेही विचारा. एकदा फुटलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याचा धोका जास्त. चोराला वाट माहीत झालेली असते. जुन्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हा प्रश्न घरमालक हसून टाळतात. टाळू देऊ नका.