वडिलांचा आतड्याचा कर्करोग आणि मुलाची तपासणी

प्रश्न : वडिलांना ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. मी ३४ वर्षांचा आहे. जनुकीय चाचणीने माझा आजार आधीच कळेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येथे दोन वेगळ्या चाचण्यांची नेहमी गल्लत होते. रक्तातून एमएलएच१, एमएसएच२ अशा जनुकांतील उपजत दोष शोधणारी चाचणी लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका, दाखवते, रोग नव्हे. ती प्रथम वडिलांची करावी, म्हणजे त्यांच्यात सापडलेला नेमका दोष तुमच्यात शोधता येतो. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली शौचाची डीएनए चाचणी गाठीतून सुटलेल्या पेशींमधील केआरएएस जनुकाचे बदल आणि रक्ताचा अंश टिपते. मात्र ती सर्वसाधारण धोका असणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही वडिलांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, म्हणजे ३६व्या वर्षी, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करावी. लिंच आढळल्यास लगेच, आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून काढ्यांवर दिवस काढू नयेत.